काकांची मोटार, काकूंची सही

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल ती मैत्रीण विचारते, "काय काय पाहिलंस गं?" नायगारा पाहिला, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, असं सांगितलं की तिचं समाधान होतं. पण तुम्हाला म्हणून खरं सांगते. त्या प्रवासातलं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते एका लांबलचक रस्त्यालगतच्या गल्लीतलं एक गॅरेज. तिथं आमच्या घरातल्या घरात एका जुन्या मोटारीचा व्यवहार झाला. त्यातून मी जे शिकले ते तुमच्याही कामी येईल, म्हणून आज तुम्हाला तिथंच घेऊन जाते.

रस्त्याचं नाव वुडवर्ड ॲव्हेन्यू. मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट शहर नदीकाठी वसलेलं आहे. नदीच्या पलीकडे कॅनडा. त्या नदीकाठाहून निघालेला हा रस्ता २७ मैल, म्हणजे त्रेचाळीस-एक किलोमीटर जाऊन पॉन्टिॲक नावाच्या गावात संपतो. वाटेत जे आडवे रस्ते लागतात त्यांची नावं ऐकून मला हसूच आलं. एट माइल, नाइन माइल, टेन माइल! आपल्याकडे मैलाचे दगड, त्यांच्याकडे मैलाचे रस्ते. एट माइल ओलांडला की डेट्रॉइटची हद्द संपते आणि फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम अशी झाडीतली टुमदार गावं सुरू होतात. १९०९ साली याच रस्त्याचा सिक्स माइल ते सेव्हन माइल हा तुकडा काँक्रीटचा केला, तेव्हा लांबलांबून माणसं तो बघायला यायची म्हणे. मोटारींचं माहेरच ते! फोर्ड, क्रायस्लर, जनरल मोटर्स, सगळ्यांची मुळं या परिसरातली.

१९६० नंतरच्या दहा वर्षांत तिथली तरुण पोरं रात्री या रस्त्यावर गाड्या घेऊन जमत आणि एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. त्यांच्या त्या गाड्यांना पुढे नाव पडलं 'मसल कार'. मसल म्हणजे स्नायू. आखाड्यातला पैलवान दंडाची बेटकुळी काढून दाखवतो ना, तशी ही बेटकुळी काढणारी मोटार! कल्पना अगदी साधी. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. पॉन्टिॲक कंपनीनं १९६४ साली आपल्या टेंपेस्ट गाडीत असं इंजिन घालून 'जीटीओ' काढली आणि पोरं वेडी झाली. मग बाकीच्या कंपन्या मागे कशा राहतील?

आमच्या गोष्टीतली मोटार त्याच जातीची, १९६८ सालची पॉन्टिॲक जीटीओ. रंग मेंदीच्या ओल्या पानासारखा गर्द हिरवा. आपल्या जुन्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं असायचं. तशी सहा इंजिनं एकत्र केली तर हिच्या एका इंजिनाची बरोबरी होईल! पेट्रोलही त्याच मानानं पिते. लिटरला चार-पाच किलोमीटर गेली तर नशीब.

ही गाडी आमच्या ह्यांच्या थोरल्या भावाची. भाऊजी १९६९ साली शिकायला तिकडे गेले आणि एका मोटार कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात चिकटले. १९७२ साली लग्न करून जाऊबाईंना घेऊन गेले. १९७३ च्या अखेरीला अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पेट्रोलच्या रांगा लागल्या आणि ज्याला त्याला लहान गाडी हवीशी झाली. या पेट्रोलपिऊ गाड्या लोक मिळेल त्या भावाला काढू लागले. तेव्हा, म्हणजे १९७४ साली, भाऊजींनी ही घेतली. "मी बाराशे डॉलरला घेतली" हे वाक्य मी लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. वाक्यातला 'मी' तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

आता भाऊजी ७८ वर्षांचे. डोळ्यांत अशी काही खराबी झाली आहे की समोरचं मधोमध धूसर दिसतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. माझा मुलगा तिथून तासाभराच्या अंतरावर नोकरी करतो. शिकायला म्हणून गेला तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी काकांच्या गॅरेजमध्ये पडीक असायचा. तेल बदलणं, प्लग साफ करणं, सगळं त्यांच्या हाताखाली शिकला. गाडी विकायची म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, परक्याला नको, मी घेतो."

झालं! तिथूनच घोळ सुरू. काका म्हणायचे, "घेऊन जा रे, तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे?" हा म्हणायचा, "फुकट नको, बाजारभावानं घेतो." दोन महिने फोनवर नुसतं 'तुम्ही सांगा', 'तू सांग' चाललं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी तिकडे गेले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, तू मध्ये बस."

मी आनंदानं बसले असं नाही हं! घरातल्या घरात घेतलेल्या वस्तूनं माझे हात एकदा पोळले आहेत. १९८६ साली नणंदेच्या यजमानांची स्कूटर आम्ही घेतली. तेव्हा नव्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्यामुळे जुनीलाही चांगला भाव होता. "घरचंच तर आहे, द्याल ते द्या," असं ते म्हणाले. आम्ही चार हजार दिले. त्यांच्या मनात सहा होते. बोललं कुणीच नाही, पण पुढची वीस वर्षं प्रत्येक भाऊबिजेला "काय, आमची स्कूटर कशी आहे?" हा प्रश्न ताटाबरोबर वाढला जायचा. तेव्हा मनाशी गाठ मारली होती. परक्याशी व्यवहार चुकला तर पैसे जातात. घरच्याशी चुकला तर माणूस जातो.

रविवारी सकाळी रॉयल ओकला भाऊजींच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले आणि सगळे गॅरेजमध्ये उतरलो. मी मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं, "काका म्हणून तपासायला लाजायचं नाही. मुलगी बघायला जातात तेव्हा नात्यातली असली तरी चौकशी करतातच की!"

या भागात गाडीचा पहिला शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून त्यावर मीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा खातं. गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाच्या प्रचंड खाणी आहेत. वर मोटारी घडवणारं शहर आणि खाली त्या मोटारींना खाणारं मीठ! म्हणून तिथं जुनी गाडी घेताना नुसता चकचकीत रंग बघून भुलायचं नसतं. खाली आडवं होऊन तळ बघायचा, डिकीतली सतरंजी उचलून पत्रा बघायचा, मागच्या चाकांच्या वरच्या कमानी हातानं चाचपायच्या.

वरून पुट्टी भरून गंज लपवला आहे का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. पत्रा असेल तिथं ते चिकटतं, पुट्टी असेल तिथं सुटतं. मुलगा चुंबक आणायला विसरला होता. मग जाऊबाईंच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढून आणला! दारं झाली, कमानी झाल्या, सगळीकडे बाप्पा घट्ट. पण गाडीच्या अगदी पुढच्या नाकाडावर ठेवला तर घसरून खाली. मुलाचा चेहरा पडला. इतकी वर्षं काका सांगत होते की गाडीला कधी धक्का लागला नाही, आणि इथं तर सगळी पुट्टी! तो काही बोलेना.

भाऊजी मात्र खो खो हसायला लागले. "अरे, तो पत्रा नाहीच मुळी! रबरासारखा मसाला आहे तो. आठसष्टच्या जीटीओची तीच तर नवलाई होती. जाहिरातीत त्याच्यावर ठोकून दाखवायचे आणि नाक पुन्हा जागच्या जागी!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण बघा, मुलानं भीड धरून तपासलंच नसतं, किंवा तपासून मनातल्या मनात ठेवलं असतं, तर तो संशय कायम राहिला असता. विचारलं म्हणून मिटलं.

अशा गाड्यांत नकलीही फार असतात. साध्या गाडीला जीटीओची अक्षरं लावून दुप्पट भावाला विकतात. पण १९६६ ते १९७१ या सालांतल्या खऱ्या जीटीओचा नंबर २४२ या आकड्यांनी सुरू होतो. काचेजवळच्या पट्टीवर तो वाचला आणि मालकीच्या कागदाशी ताडून बघायचं ठरलं. भाऊजींनी कपाटातून बिस्किटांचा जुना निळा डबा काढला. माणूस सातासमुद्रापार गेला तरी महत्त्वाचे कागद बिस्किटाच्याच डब्यात!

कागद शोधेपर्यंत किमतीचं बोलणं निघालं. मुलानं आधीच जुन्या गाड्यांच्या एका पारख्याला आणून लेखी किंमत काढून घेतली होती. ३८ हजार डॉलर. आपले सुमारे ३२ लाख रुपये! मला तर आकडा ऐकून घोटभर पाणी प्यावं लागलं. भाऊजी म्हणाले, "छे! कागदावर एक डॉलर लिहू आणि मोकळे होऊ."

पण तसं चालत नाही. मिशिगनमध्ये गाडी विकत घेणाऱ्याला सहा टक्के कर भरावा लागतो, आणि तो दिलेली किंमत किंवा बाजारातली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर धरतात. नवराबायको, आईबाप आणि मुलं, भावंडं, आजोबा-नातवंडं अशा जवळच्या नात्यांत तो माफ आहे. आणि काका-पुतण्या? ते त्या यादीतच नाहीत! भाऊजींना हे फार लागलं. "म्हणजे मी याचा कुणीच नाही?" असं म्हणून ते खुर्चीत बसले. कायद्याला काय ठाऊक, आपल्याकडे काका म्हणजे अर्धा बाप असतो ते!

एवढ्यात मुलाला कागद सापडला. नंबर बरोबर जुळला. मालकांची नावं त्यानं मोठ्यानं वाचली. पहिलं भाऊजींचं. दुसरं जाऊबाईंचं.

गॅरेजमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. पन्नास वर्षं आम्ही सगळे 'काकांची गाडी' म्हणत होतो. जाऊबाई दारात उभ्या होत्या, हातात चहाच्या कपांचा ट्रे. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन नावं आहेत ना? मग दोन सह्या लागतील. दोन महिने तुमचं देऊ-घेऊ चाललंय, मला कुणी विचारलं का?"

मग त्यांनी सांगितलं. १९७४ साली त्या पहाटे उठून एका बेकरीत पाव भरायच्या कामाला जात. बर्फात, बस पकडून. बाराशे डॉलरमधले सहाशे त्यांच्या त्या पगारातले होते. गाडी शिकल्या त्याही याच गाडीवर. क्लच इतका जड की पाय थरथरायचा. मुलं झाली, लहान गाडी आली, आणि ही भाऊजींची होऊन बसली. "मला तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "गाडी यालाच जाऊ दे, आनंद आहे. पण अहो, तुम्ही फुकट दिलीत की माझा अर्धा वाटाही फुकट जातो. तुमचा वाटा तुम्ही ओवाळून टाका. माझ्या वाट्याचं दान मी करीन तेव्हा करीन. आज मला त्याचे पैसे हवेत."

बायांनो, मी मध्ये बसायला गेले होते, पण खरं सांगते, मलाही त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं. मी स्वतः बाई असून! त्याची मला अजून लाज वाटते.

भाऊजी बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "सहाशे तुझे होते हे मी विसरलोच होतो." जाऊबाई म्हणाल्या, "मी नव्हते विसरले."

पुढचा व्यवहार अर्ध्या तासात झाला. ३८ हजारांचा अर्धा वाटा, १९ हजार, जाऊबाईंना, पुरेपूर. भाऊजींना एक पैसा नको होता, पण जाऊबाईंनीच सुनावलं, "काही तरी घ्या. नाहीतर तो जन्मभर उपकाराखाली राहील, आणि तुम्ही जन्मभर त्याला गाडी कशी ठेवायची ते शिकवत राहाल." म्हणून त्यांनी पाच हजार घेतले. एकूण २४ हजार. कर मात्र बाजारभावावर, ३८ हजारांवरच बसला, २,२८० डॉलर. तो ठरल्याप्रमाणे मुलानं भरला.

आम्ही एका कागदावर सगळं उतरवलं. किंमत किती, कुणाला किती, कुठल्या तारखेला बँकेतून जाणार. गाडीत ठाऊक असलेल्या खोडी कोणत्या: ब्रेक जुन्या ड्रमचे आहेत, थांबायला अंतर लागतं, मागच्या सीटखाली थोडा गंज आहे, पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. शेवटी जाऊबाईंनी एक ओळ घालायला लावली, "गाडी एकदा दिली की दिली. रंग बदलला तरी बोलायचं नाही." भाऊजींनी त्यावर सही करताना तोंड एवढंसं केलं!

सोमवारी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' या भारदस्त नावाच्या कचेरीत गेलो. तिकडे मोटारींच्या नोंदणीचं काम तिथं चालतं. नवी मालकी पंधरा दिवसांच्या आत नोंदवावी लागते. जाऊबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि आपली सही सावकाश, अक्षर अन् अक्षर लिहून केली.

शनिवारी, १७ ऑगस्टला, वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा होती. १९९५ साली फर्नडेल गावच्या मुलांना फुटबॉलचं मैदान करायला पैसे हवे होते म्हणून हा मेळावा सुरू झाला. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी हजारो गाड्या येतात. तिकडे पंचवीस वर्षांहून जुनी गाडी हौसेची म्हणून नोंदवली तर तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. मग ती रोजच्या कामाला काढायची नाही; मेळावे, मिरवणुका, दुरुस्तीनंतरची चाचणी एवढ्यालाच. फक्त ऑगस्टचा महिना सगळ्यांना मोकळा. मी म्हटलं, हा तर मोटारींचा श्रावण!

मुलगा चालवत होता, शेजारी भाऊजी, मागे आम्ही दोघी जावा. मुंगीच्या पावलानं गाड्या चालल्या होत्या. रस्त्याच्या दुतर्फा लोक घडीच्या खुर्च्या टाकून, मुलाबाळांसकट, शिदोऱ्या घेऊन बसलेले. लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक बघायला बसतात ना, अगदी तसे. कुणी हिरव्या गाडीकडे बघून हात हलवला की भाऊजी इकडून हात हलवायचे. त्यांना चेहरे दिसत नव्हते, पण प्रत्येक गाडीचं नाव ते नुसत्या आवाजावरून सांगत होते. एका म्हाताऱ्यानं शेजारच्या गाडीतून ओरडून विचारलं, "कुणाची गाडी?" भाऊजी वळून मागे बघत म्हणाले, "हिची आणि माझी होती. आता पुतण्याची आहे."

मैत्रिणींनो, तुमच्या घरी मसल कार नसेल. पण भावानं घेतलेला फ्लॅट असेल, दिरानं दिलेली शिलाई मशीन असेल, मामांची जुनी जीप असेल. घरच्यांकडून घ्याल तेव्हा किंमत तिऱ्हाइताकडून काढून घ्या. तपासायला लाजू नका, खोडी कागदावर उतरवा, पैसे बँकेतून द्या. आणि सगळ्यांत आधी मालकीच्या कागदावर नावं कुणाची आहेत ती वाचा. त्यातलं एखादं नाव स्वयंपाकघरात चहा करत असेल, तर तिला बाहेर बोलवा.

परत येण्याआधी मी जाऊबाईंकडे दोन दिवस राहिले. रिकाम्या गॅरेजमध्ये जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा उरला आहे. तो पुसू नका, असं भाऊजींनी सांगितलं आहे. रविवारी पुतण्या फोन करतो आणि फोन बॉनेटजवळ धरतो, हे आवाज ऐकून सांगतात, "तिसरा प्लग बघ."

निघताना मी जाऊबाईंना विचारलं, "त्या पैशांचं काय करणार?"

त्या म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा असे पैसे आहेत की ज्यांचं आधीच काही ठरलेलं नाही. थोडे दिवस तसेच राहू देत गं."